विहीणबाईंचा ग्लेअर

आमच्या विहीणबाई पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहेत म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो. विहीण म्हणजे मानपानावरून फुगून बसलेली बाई, हीच लोकांची कल्पना. आमच्या विहीणबाई पिवळा टी-शर्ट आणि निळी पँट घालून तलावाच्या खोल टोकाला उंच खुर्चीवर बसतात, आणि त्या बसायला लागल्यापासून त्यांच्या पाण्यात एकही माणूस बुडालेला नाही.

सोयरीक ठरवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हाचीच गोष्ट घ्या. आमचा मुलगा नवा शर्ट घालून, कपबशी सांभाळत बसला होता. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, असले प्रश्न येतील म्हणून मी उत्तरं घोकून गेलो होतो. बाईंनी एकच विचारलं, "पोहता येतं?" मुलगा म्हणाला, "नाही." त्यावर त्यांनी नुसतं बघितलं. माझ्या हातात माझी कपबशी होतीच, पोरानं स्वतःचीही माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "शिकतो." लग्नाआधी शिकला! आता बोला.

ती नजर त्यांना बापाकडून मिळाली. बाप नावाडी. नदीचं पाणी उतरलं की खडक वर येतात, पण दिसत नाहीत. पृष्ठभागाच्या वीतभर खालीच दबा धरून असतात. तेव्हा ही पोर नावेच्या पुढच्या टोकाला पोटावर झोपायची आणि ओरडायची, "डावीकडे! अजून डावीकडे! अहो बाबा, तुमचं डावं!" बाप म्हणायचा, पाण्याकडे बघायचं नसतं पोरी, पाण्यातून बघायचं असतं. हे वाक्य विहीणबाई आजही सांगतात, आणि ऐकणारा मान डोलावतो, कळो न कळो.

लग्न झालं ते एका शिंप्याशी. तो बिचारा लवकर गेला. मग ही बाई लेकीला घेऊन शहरात आली आणि तलावावर कपडे बदलायच्या खोल्या पुसायला लागली. एक दिवस हातात फडकं घेऊन उभी असताना तिला खोल पाण्याच्या तळाशी काहीतरी गडद दिसलं. खुर्चीवरचा माणूस कुणाशी तरी गप्पा मारत होता. बाईनं फडकं टाकलं आणि साडीसकट उडी मारली. वर आली ती एका कॉलेजच्या पोराला केसांना धरून. पोर जगलं. पुढे त्याला टक्कल पडलं, तेव्हा त्याचं खापर त्यानं विहीणबाईंवरच फोडलं. तलावाच्या लोकांनी तिला रीतसर शिकवलं, परीक्षा घेतली आणि खुर्ची दिली. तिसरी खुर्ची. पहिल्या दोन उथळ पाण्याच्या, तिसरी खोल पाण्याची.

मी हे सगळं जवळून बघतो, कारण माझे गुडघे. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. म्हणून मी रोज दुपारी छातीभर पाण्यात म्हशीसारखा फेऱ्या मारतो आणि वर मान करून आमच्या सोयऱ्यांचा कारभार बघतो. ओल्या फरशीवर एखादं कार्टं पळायला लागलं की विहीणबाई नुसता चेहरा वळवतात. कार्टं मध्येच चालायला लागतं, जणू जन्मात कधी धावलंच नाही. पोरांनी त्यांचं नाव ठेवलंय बॅटरी. "ए हळू, बॅटरी पडली तुझ्यावर!"

तर झालं असं. ऊन तापायला लागलं त्या सुमारास तलावावर तपासनीस आले. शांत गृहस्थ, गळ्यात ओळखपत्र, पायात प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. बरोबर मॅनेजर. दोघं खोल टोकाला येऊन थांबले. वर खुर्चीत विहीणबाई बसलेल्या, डोक्यावर मोठी छत्री, त्यामुळे त्या खालच्यांना दिसेनात आणि खालचे त्यांना. पण आवाज येत होता. आणि काय आवाज आला तो ऐका. विहीणबाईंनी त्याच संध्याकाळी आमच्या घरी येऊन, चपला न काढता, दोघांच्या नकला करत सांगितला.

तपासनीस म्हणाले, "तिसऱ्या खुर्चीवर ग्लेअर फार आहे. धोक्याचं आहे हे. तिला हलवा तिथून."

मॅनेजर म्हणाला, "इतकी वर्षं तिथंच आहे हो ती. जुनी आहे. हलवायची म्हणजे जपून, पाय कुरकुरतात तिचे."

"मग मोडीत काढा आणि नवी आणा."

"नवी आजकाल एवढी दणकट मिळत नाही साहेब. बघतो, हलवतो आधी, निभली तर निभली."

"निभली तर निभली!" विहीणबाई आमच्या दिवाणखान्यात उभ्या राहून म्हणाल्या. "माझे पाय कुरकुरतात हे त्याला कुणी सांगितलं? व्याही, तुम्ही?"

"मी माझ्याच पायांचं सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो. "तुमच्या पायांपर्यंत नंबर येतच नाही."

"मोडीत काढा म्हणे! मी काय पत्रा आहे?" मग खुर्चीत बसल्या आणि आवाज खाली आला. "ते जाऊ दे. ग्लेअर म्हणजे काय ते सांगा आधी. माझ्यात काय फार आहे?"

आमची घरची मंडळी पटकन म्हणाली, "ग्लेअर म्हणजे काळा चष्मा. दुकानात नाही का म्हणत, ग्लेअर्स दाखवा."

"मी काळा चष्मा लावतच नाही. मग तो फार कसा होईल?"

सुनेनं फोनमध्ये बघितलं. आईकडे न बघता वाचलं, "रागानं रोखून बघणं. डोळे वटारणं."

मला त्यात भर घालायची काही गरज नव्हती, पण आमचे मास्तर आठवले आणि तोंड थांबेना. आमच्या गावच्या शाळेत खोली एक, इयत्ता चार आणि मास्तर एकटे. इंग्रजी शब्द ते करून दाखवायचे. 'जंप' शिकवताना टेबलावरून उडी मारली आणि पाय मुरगळला, मग 'लिंप' त्याच दिवशी शिकवून टाकला. 'ग्लेअर'च्या दिवशी त्यांनी आम्हां सगळ्यांकडे असं बघितलं की मागच्या बाकावरच्या एकानं न विचारताच कबूल केलं की खडू त्यानंच चोरलेत. "तेव्हा अर्थ पक्का आहे," मी म्हणालो. सुनेनं माझ्याकडे जसं बघितलं, तोही ग्लेअरच होता.

"म्हणजे माझे डोळे," विहीणबाई म्हणाल्या.

त्यांना दारापर्यंत सोडायला मी गेलो. तिथं त्या थांबल्या. "व्याही, एक सांगते, लेकीला सांगू नका. खुर्ची गेली तर गेली, पण ती माझ्या वटारण्यानं जात नाहीये. दुपार कलली की मला तळ दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही! सकाळी दिसतो, भर दुपारी दिसतो. कलती झाली की पाणी असं पांढरं होतं, पत्र्यासारखं. डोळे फाडून बघते, बारीक करून बघते. नाहीच. ऊन माझ्या पाठीशी असतं हो, डोळ्यांत यायचा प्रश्नच नाही. डोळेच गेलेत माझे." मग हळू म्हणाल्या, "तेवढा वेळ मी खोल पाण्यात कुणाला ठेवत नाही. नुसतं बघून बघून बाहेर काढते सगळ्यांना. लोक चिडतात. चिडू देत. पण ज्याला तळ दिसत नाही त्यानं त्या खुर्चीवर बसू नये. मॅनेजर हलवेल तेव्हा हलवेल, मीच जाऊन सांगणार आहे. तेवढं धाडस गोळा करते, मग सांगते."

नावेच्या टोकाला झोपून बापाला खडक दाखवणारी पोर, आणि तिलाच तळ दिसेना!

धाडस गोळा होईपर्यंत निदान वटारल्याचा ठपका तरी नको, म्हणून दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी नजर सौम्य करायचा प्रयोग केला. मी पाण्यात होतो, साक्षीदार आहे. त्या हसल्या. खुर्चीवर बसून सरसकट सगळ्यांकडे बघून हसल्या. पहिल्यांदा पोरं घाबरली, मग त्यांना कळलं की आज काही नाही. फरशीवर शर्यती सुरू झाल्या. एक जाडा गृहस्थ 'उडी मारू नये' या पाटीवरच हात टेकून उडी मारता झाला. लाट माझ्या कानात गेली. एक बाई मला विचारायला लागल्या, "यांना काही होतंय का? डॉक्टरला बोलवू?"

मला त्या शब्दाचा राग आला होता. एवढासा परदेशी शब्द येतो काय आणि आमच्या विहीणबाईंची खुर्ची हलवतो काय! मोबाइलच्या एका ओळीवर आणि मास्तरांच्या एका नजरेवर मी त्याला सोडणार नव्हतो. तिसऱ्या दिवशी सकाळीच वाचनालयात गेलो आणि उशीएवढा जाड शब्दकोश काढायला लावला. हा कोश शब्दाचं कूळ सांगतो. कुठला, कुणाचा कोण, कुठून आला, सगळं. मला असला कोश मिळाला की जेवणाची आठवण राहत नाही.

आणि काय सापडलं म्हणता! डोळे वटारणं हा त्या शब्दाचा धाकटा अर्थ. तो नंतर आला. थोरला अर्थ उजेडाचा! डोळ्यांना सहन होणार नाही असा झगझगाट. मूळ शब्द समुद्रापलीकडच्या शेजारी बोलींतला, 'चकाकणे' अशा अर्थाचा, आणि बहुधा काचेच्या इंग्रजी शब्दाचा भाऊबंद. काच! थंडीच्या मुलखात गुळगुळीत चकचकीत बर्फालाही हाच शब्द लावतात. आपल्याकडे उजेडाचं खातं वेगळं आणि रागाचं वेगळं. डोळे दिपतात ते उजेडानं, वटारले जातात ते रागानं. इंग्रजांनी दोन्ही एकाच पिशवीत कोंबलंय. आधी चमकायची ती वस्तू, मग चमकायला लागले माणसाचे डोळे, मग त्या डोळ्यांतला राग.

हे वाचून मी "अरे वा!" म्हणालो असेन, जरा मोठ्यानं. ग्रंथपालबाईंनी मान वर केली आणि धाकटा अर्थ माझ्याकडे फेकला. पण मी पुढे वाचत होतो. थोरल्या अर्थाखाली एक साधं वाक्य होतं: असा उजेड, की ज्यामुळे समोरचं दिसत नाही.

ज्यामुळे समोरचं दिसत नाही!

मी उठलो. टोपी टेबलावर राहिली ती राहिलीच. गुडघ्यांना म्हणालो, नंतर कुरकुरा. तलावाकडे निघालो तेव्हा दुपार कलायला लागली होती. वाटेत डोक्यात एकच घोळत होतं. तपासनीस उजेडाबद्दल बोलत असतील, तर विहीणबाईंचे डोळे धड आहेत! आणि डोळे धड असतील, तर हे त्यांनी मॅनेजरला राजीनाम्याचं बोलायच्या आत त्यांच्या कानावर गेलं पाहिजे. म्हणजे धावलं पाहिजे. मी धावलो. माझ्या वयाचा माणूस धावतो तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला होतात. त्यांना वाटतं मागे काहीतरी लागलंय.

तलावावर पोहोचलो तर रणच पेटलेलं. खोल टोकाला मॅनेजर, त्याच्याबरोबर दोन दांडगे हमाल, दोरखंड घेऊन. वर खुर्चीत विहीणबाई, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात पकडून.

"बाई, खाली उतरा ना," मॅनेजर काकुळतीला आला होता. "हलवायचंय."

"मला हलवायला दोघंच आणलेत? आणखी दोन आणा!"

"तुम्हाला कोण हलवतंय?"

"तूच! मी कानांनी ऐकलंय. जुनी आहे म्हणालास, पाय कुरकुरतात म्हणालास, निभली तर निभली म्हणालास. मी माझ्या पायांनी जाईन. दोरीनं बांधून न्यायला मी काय कपाट आहे? आज तुला सांगायलाच येणार होते मी, पण आता नाही सांगत. आता नेऊनच दाखव!"

हमाल एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "साहेब, आम्हाला खुर्चीचं बोलला होतात. माणसाचा रेट वेगळा आहे."

पाण्यातली सगळी मंडळी काठाला हनुवट्या टेकून बघत होती. मी धापा टाकत मध्ये घुसलो आणि मॅनेजरचा हात धरला. "एकच सांगा. तिला हलवा म्हणजे कुणाला?"

"कुणाला म्हणजे? खुर्चीला!"

"आणि जुनी कोण?"

"खुर्ची!"

"पाय कुणाचे कुरकुरतात?"

"खुर्चीचे हो आजोबा! ऐका." त्यानं खुर्चीचा एक पाय हलवला. खुर्ची अशी किंचाळली की वर विहीणबाईंनी दचकून खाली बघितलं.

आता सांगा, दोष कुणाचा? आपल्या भाषेत खुर्चीही ती आणि बाईही ती. स्टुलावर बसल्या असत्या तर हा प्रसंगच उभा राहिला नसता!

पण मला हसायला सवड नव्हती. मी खालूनच ओरडलो, "विहीणबाई, ग्लेअर म्हणजे डोळे वटारणं नव्हे! म्हणजे तेही आहे, पण ते धाकटं. थोरला अर्थ झगझगाट! काचेचा भाऊबंद आहे तो शब्द, काचेचा!"

"व्याही, मला आत्ता शब्द नकोत!"

"तळ दिसतोय का आत्ता?"

हे मी बोलायला नको होतं. काठावरच्या सगळ्या हनुवट्या वर झाल्या. विहीणबाईंचा चेहरा उतरला. मॅनेजरनंही ऐकलं. त्या क्षणी त्यांना खोटं बोलता आलं असतं. त्या सरळ म्हणाल्या, "नाही. दिसत नाही. म्हणून खोल पाणी रिकामं केलंय बघा. आता कळलं ना सगळ्यांना?"

"दिसणारच नाही," मॅनेजर म्हणाला. "तपासनीसांनाही दिसला नाही. तेच तर म्हणत होते ते. या जागेवरून कुणालाच दिसत नाही. ती समोरची इमारत नाही का?"

"कुठली इमारत?"

"छत्रीतून बाहेर या म्हणजे दिसेल!"

विहीणबाई उतरल्या. शेवटच्या पायरीवर थांबल्या, मग छत्रीबाहेर आल्या आणि वर बघितलं. मीही बघितलं. कपडे बदलायच्या खोल्यांच्या छपरापलीकडे ती उंच इमारत उभी होती. बांधकाम केव्हापासून चालू होतं, पण उन्हाळ्याच्या तोंडावर तिला वरपासून खालपर्यंत काच बसवली होती. कलतं ऊन आमच्या पाठीमागून जाऊन त्या काचेवर आपटत होतं आणि तिथून उलटून थेट पाण्यावर. पाण्यावरून उसळून ते छत्रीच्या खालून बाईंच्या डोळ्यांत घुसत होतं. छत्रीनं इमारत तेवढी झाकली होती, उजेड नव्हता झाकला! मी दोन्ही हातांनी डोळे झाकून नाचायचाच बाकी राहिलो होतो. काच! कोश खोटं बोलत नव्हता! ज्या शब्दाचं काचेशी नातं, तो काचेतूनच आला होता. आणि बाई डोळे बारीक करून त्या झगझगाटाकडे बघायच्या, ते लोकांना वाटायचं आमच्याकडे रागानं बघतायत. थोरल्या ग्लेअरनं धाकटा ग्लेअर जन्माला घातला होता, आमच्या तलावावर, आमच्या सोयऱ्यांच्या चेहऱ्यावर!

मी हे सगळं मॅनेजरला समजावत होतो, हमालांनाही. एक हमाल म्हणाला, "म्हणजे खुर्ची न्यायची की नाही?"

"न्यायची. त्या आडव्या काठाला," मॅनेजर म्हणाला. "तिथून काच बाजूला पडते."

विहीणबाई आमचं काही ऐकत नव्हत्या. त्या एकट्याच त्या आडव्या काठाकडे चालायला लागल्या होत्या. नजर पाण्यावर. पाणी पांढरं, पत्र्यासारखं. चालता चालता त्यांची पावलं मंदावली. मी मागोमाग गेलो म्हणून मला कळलं, ते पाणी कसं बदललं ते. पांढरा पत्रा एका कडेनं सरकत गेला, त्याखालून निळं आलं, निळ्यात रेषा आल्या, आणि मग एकदम सगळा तळ. फरशी न् फरशी. जाळी. जाळीचे स्क्रू.

विहीणबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतील. मी खिशात रुमाल शोधायला लागलो.

"व्याही," त्या म्हणाल्या, "त्या जाळीच्या उजवीकडे बघा."

"काय आहे?"

"फरशी फुटलीय. टवका उभा आहे. कुणाचा पाय गेला तर उभा चिरेल. सकाळी नव्हता, मघाशीच निघालाय!" आणि मॅनेजरकडे वळल्या. "दिसतंय तुला? नाही दिसणार. तुझ्या डोळ्यांत काय राम आहे! सगळ्यांना बाहेर काढ पाण्यातून. उथळ पाण्यातूनही. टवका हलला तर पाणी कुठंही नेईल त्याला."

"बाई, उद्या माणूस बोलावतो—"

त्यांनी चपला काढल्या, घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं आणि गेल्या. पाणी फारसं उडालंही नाही. आम्ही सगळे काठावर ओणवे. त्या खाली जाताना दिसत होत्या, पिवळा ठिपका लहान होत होत तळाला लागला, जाळीपाशी हात फिरला, जराही चाचपडणं नाही, पहिल्या फटक्यात जिथं जायचं तिथं.

वर आल्या त्या हातात फरशीचा तुकडा धरून, सुरीसारखा. केस तोंडावर, धाप लागलेली, आणि हसत होत्या. आदल्या दिवशीचं ते बळेबळेचं नव्हे, नावेच्या टोकावरची पोर हसली असेल तसं.

"वरून एवढासा दिसला होता!" त्यांनी बोटाच्या पेरावर अंगठा टेकवून मॅनेजरला, हमालांना, काठावरच्या सगळ्यांना दाखवलं. "एवढासा! आणि मी वरून बघितला!"